सामंजस्य की चिठ्ठी?

महोदय,

शालेय फुटबॉलच्या कालच्या बातमीत ‘प्रशिक्षक व शाळा व्यवस्थापन यांच्यात सामंजस्याने तोडगा निघाला’ असं वाक्य आहे. त्याच बातमीच्या शेवटच्या ओळीत वाचायला मिळतं की, प्रशिक्षकांनी वगळलेली दोन्ही मुलं अंतिम सामन्यात पहिल्या मिनिटापासून खेळली आणि प्रशिक्षक प्रेक्षकांत बसले होते. एकाने सगळं सोडायचं आणि दुसऱ्याने सगळं मिळवायचं, याला आमच्या वेळी सामंजस्य म्हणत नसत. आपल्या वार्ताहरांकडे नवा शब्दकोश आला असल्यास कळवावं.

मी बावीस वर्षं शाळेत खेळ शिकवला, त्यातली सोळा फुटबॉल. असा तोडगा कसा निघतो ते मला पक्कं ठाऊक आहे. तो शिपायाच्या हातून येतो.

आमच्याकडे एक स्ट्रायकर होता, डावखुरा, पायात चेंडू आला की बाकीचे नुसते बघत राहायचे. उपांत्य सामन्याला दोन दिवस असताना सराव संपल्यावर त्याने आठवीतल्या राखीव गोलकीपरला आपले चिखलाचे बूट धुवायला सांगितले. पोरगा नाही म्हणाला. याने बूट फेकून मारला. रक्त आलं नाही, पण बुटाच्या तळाच्या स्टडचे तीन गोल वळ कानाच्या वर उमटले होते. पोरगा रडलाही नाही. खाली मान घालून नेटच्या गाठी सोडत राहिला. मी स्ट्रायकरला बाजूला घेऊन सांगितलं, ‘हा सामना तू बाहेर बसायचा.’ तो म्हणाला, ‘सर, मग जिंकणार कसे?’ उर्मटपणा नव्हता हो त्यात, खरोखरची काळजी होती. तेच मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या तासाला चिठ्ठी आली. रजेच्या जुन्या अर्जाचा पाठकोरा कागद, त्यावर दोन ओळी : ‘क्र. ९ यास खेळवावे. बाकीचे नंतर बोलू.’ खाली मुख्याध्यापकांची सही. मुलाचं नावसुद्धा नाही, नुसता जर्सीचा आकडा. झालं काय होतं, हे मला ना कुणी आधी विचारलं, ना नंतर.

आणि मी त्याला खेळवलं. इथे मी राजीनामा फेकला असं लिहायला मला आवडलं असतं, पण नोकरी होती, घर होतं. त्याने दोन गोल केले, आम्ही जिंकलो आणि सोमवारी प्रार्थनेच्या वेळी साहेबांनी खिलाडूवृत्तीवर पंधरा मिनिटं भाषण केलं. त्याच दिवशी राखीव गोलकीपरने आपली जर्सी धुऊन, नीट घडी करून माझ्या टेबलावर आणून ठेवली. पुन्हा मैदानावर आला नाही. ‘बाकीचे नंतर’ आजपर्यंत बोलायचं राहिलंय. चिठ्ठी माझ्याकडे आहे.

मैदानात प्रतिस्पर्ध्याला लाथ घातली तर लाल कार्ड, आणि पुढच्या सामन्यातून आपोआप बाहेर. त्यासाठी रेफरीकडे कुणी चिठ्ठी पाठवत नाही. स्वतःच्याच संघातल्या लहान पोराला बूट मारला तर मात्र नंतर बोलू!

आपल्या अग्रलेखात केन कार्टर यांचा दाखला आहे. १९९९ साली कॅलिफोर्नियातल्या रिचमंड हायस्कूलच्या या बास्केटबॉल प्रशिक्षकाने, संघ एकही सामना हरलेला नसताना, जिमला कुलूप घातलं, कारण ४५ पैकी १५ खेळाडूंनी अभ्यासाबाबतचा शब्द पाळला नव्हता. पण तो शब्द तोंडी नव्हता. मुलांच्या सह्या असलेला लेखी करार होता. अग्रलेखात कुलूप आलं, करार गळाला. कुलूप छापायला जास्त शोभतं, कबूल आहे. पण कालच्या प्रशिक्षकांच्या हातात असा सही केलेला एक कागद असता, तर त्यांना प्रेक्षकांत बसवणं इतकं सोपं गेलं असतं का, एवढं तरी विचारायचं होतं.

प्रशिक्षक सगळे धुतल्या तांदळासारखे असतात असं मी म्हणत नाही. मी स्वतः उशिरा येणाऱ्यांना भर दुपारी मैदानाला फेऱ्या मारायला लावायचो. एकदा सातव्या फेरीला एक मुलगा मटकन खाली बसला आणि ओकला. तेव्हाच्या मुख्याध्यापिका बाई (चिठ्ठीवाल्यांच्या आधीच्या) तरातरा मैदानात आल्या, त्याला सावलीत नेलं, तोंडावर पाणी मारलं. मुलांसमोर मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. ऑफिसात मात्र म्हणाल्या, ‘सर, धावणं ही शिक्षा असेल तर उद्या पोरांनी सरावाला यायचं कशाला, शिक्षा भोगायला?’ मला उत्तर सुचलं नाही. फेऱ्या त्या दिवसापासून बंद. अमेरिकेतही सुट्टीच्या दिवशी, शाळेबाहेर असताना शिवराळ पोस्ट टाकली म्हणून एका मुलीला चीअरलीडिंगच्या संघातून वर्षभरासाठी काढलं होतं. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०२१मध्ये आठ विरुद्ध एक अशा मताने निकाल मुलीच्या बाजूने लागला. तेव्हा प्रशिक्षकाचा हात कुणी धरूच नये, असं माझं म्हणणं नाही. धरणाऱ्याने बाईंसारखं मैदानापर्यंत चालत यावं.

जाता जाता, बातमीसोबतच्या छायाचित्राबद्दल. त्यात अकरा जण दिसतात, मी मोजले. आठ मोठी माणसं, तीन खेळाडू. चषकाला चार हात लागलेत, त्यातला एकही खेळाडूचा नाही. उजव्या कडेच्या मुलाचा तर अर्धा चेहराच कापला गेलाय. खाली आठही पाहुण्यांची नावं पदांसकट आहेत आणि शेवटी ‘व विजयी संघ’. सामना १-० असा सुटला. तो एक गोल कुणी केला, हे अख्ख्या बातमीत नाही. गोलकीपरने एकही गोल होऊ दिला नाही, त्याचंही नाव नाही. हातात ग्लोव्हज दिसतायत त्यावरून तो अर्ध्या चेहऱ्याचा मुलगा गोलकीपरच असावा. उद्याच्या अंकात दोन ओळींची जागा निघाली तर बघा.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक