गिअरबॉक्सच्या पॅनला ड्रेन बोल्ट बसवून देणाऱ्या काकांना

काका, सा. न. वि. वि.

नाव लिहू नकोस म्हणालात, म्हणून लिहीत नाही. लालबागच्या गल्लीतले लेथवाले काका, एवढ्यावर तुमची गिऱ्हाइकं ओळखतीलच.

इतरांसाठी थोडं सांगतो. आमच्याकडे 1970 ची शेवरले इम्पाला आहे, टर्बो हायड्रामॅटिक 350 या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची. इंजिनाच्या चेंबरला ड्रेन बोल्ट आहे, पण गिअरबॉक्सच्या पॅनला, म्हणजे तळाच्या ऑइलच्या ट्रेला, कंपनीने तो दिलेलाच नाही. ऑइल बदलायचं तर पॅनचे 13 बोल्ट सोडायचे, पॅन एका बाजूने झुकवायचा आणि गरम लाल ऑइल थोडं घमेल्यात, थोडं कोपरापर्यंत आणि उरलेलं सोसायटीच्या पार्किंगमध्ये. आमच्या सेक्रेटरींना त्या डागांचा नकाशा तोंडपाठ आहे.

यावर तयार किट मिळतं. भोक पाडायचं, आतून-बाहेरून नट आवळायचे, झालं. तेच घेऊन मी तुमच्याकडे आलो. तुम्ही काही न बोलता पॅनमध्ये फिल्टर धरलात आणि आतला नट त्याला कसा टेकतो ते दाखवलंत. मग म्हणालात, "आणि बाहेरचा तळाला लोंबणार. आपले स्पीडब्रेकर बघतोस ना? एकदा घासला की गिअरबॉक्स कोरडा." त्यापेक्षा मागच्या उभ्या भिंतीत, जमेल तितकं खाली, बोल्ट बसवायला बुश (आटे असलेली जाड कडी) लावू. वाटीभर ऑइल तळाशी उरेल, उरू दे.

बुश तुम्ही लेथवर काढलात, आतून आटे पाडलेत. पण मला खरं काम दिसलं ते त्यानंतरचं. पातळ पत्रा तापला की वाकडा होतो आणि पॅनची कड वाकली की पॅकिंग कधीच धरत नाही. म्हणून अख्खा पॅन तुम्ही आधी एका जाड प्लेटवर बोल्टांनी आवळून बसवलात आणि मगच गॅस पेटवून पितळ लावलंत. तो थंड होईपर्यंत प्लेटवरून काढू दिला नाहीत, मी दोनदा विचारूनही. आधीच्या कुणीतरी जास्त आवळून बोल्टांच्या भोकांभोवती पत्रा ओढला होता, तोही हलक्या हातोडीने सपाट केलात. हे काम मी सांगितलेलंच नव्हतं.

आणि ती परीक्षा! खडूची भुकटी पाण्यात कालवून सांध्याला बाहेरून फासलीत, वाळू दिलीत, पॅन तिरका टेकवून आतून सांध्यावर रॉकेल ओतलंत. केसाएवढी फट असती तरी रॉकेल झिरपून पांढऱ्यावर ओला डाग उमटला असता. चहा झाला, दुसऱ्या कुणाचा शाफ्टही झाला, सांधा पांढराच. तरी तुम्ही "रात्रभर राहू दे" म्हणून मला घरी पाठवलंत. दुसऱ्या दिवशी आतून बोट फिरवून पितळेचा कीस राहिला नाही ना ते पाहिलंत, कारण तो व्हॉल्व्ह बॉडीत, म्हणजे ऑइलच्या दाबाने गिअर बदलणाऱ्या भागात, गेला तर गिअर पडताना गाडी झटके देणार आणि मग सगळी खोलाखोली.

पॅनचं पॅकिंग बसवताना तुमचं ऐकलं: समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे, बारा फूट-पाउंडाच्या वर नाही. नाहीतर पॅकिंग पिळून बाहेर येतं.

परवा त्या बोल्टातून पहिल्यांदा ऑइल काढलं. गाडी फिरवून कोमट केली, पाना लावला, धार थेट कॅनमध्ये. हात कोरडे. सेक्रेटरी वाकून बघून गेले, बोलले काहीच नाहीत. तांब्याचा वायसर नवा घातला. ऑइल भरून इंजिन चालू ठेवून पार्कमध्ये लेव्हल बघितली, बरोबर खुणेवर.

"हा बोल्ट म्हणजे आळशीपणाचं लायसन नाही," हेही लक्षात आहे. अर्ध्याहून जास्त ऑइल टॉर्क कन्व्हर्टरमध्येच (इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला देणाऱ्या भागात) राहतं, ते इथून येत नाही. थोड्या थोड्या दिवसांनी पुन्हा काढून-भरून ते बदलत जाईन. आणि फिल्टरसाठी पॅन उतरवावाच लागेल.

तो उतरवला की सांधा दाखवायला घेऊन येतो. या वेळी तुम्ही फक्त बुशाचे आणि गॅसचे पैसे घेतलेत, हाताच्या कामाचे नाही. तेव्हा तरी घ्या.

तुमचा,
इम्पालावाला