सही शेवटी

चोपडा, रविवार

चि. ताई,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "पप्पा, कॉलेजने दत्तक कुटुंबांचं काम माझ्या गळ्यात मारलंय. एमबीबीएसच्या पोरांना बसने खेड्यात न्यायचं, कुटुंबं वाटून द्यायची. आता पेशंट बंद, नुसत्या मीटिंगा." तेव्हा बाहेरच्या बाकावर माणसं खोळंबली होती, म्हणून बोललो नाही. आज लाइट गेलीय, दवाखानाही बंद आहे, म्हटलं लिहावं.

मला पुढारपणाची हौस कधीच नव्हती. एका चुकीपायी मी त्यात पडलो, ती तुला कधी सांगितली नाही.

सातपुड्यातल्या एका पाड्यावरून एक पावरा आदिवासी बाप मुलाला खांद्यावर घेऊन यायचा. पोरगं सात-आठ वर्षांचं. थंडी पडली की हातपाय धरून रडायचं. मी संधिवाताचा ताप, म्हणजे रुमॅटिक फीव्हर, धरून बसलो. दुखण्याच्या गोळ्या द्यायचो, रक्त कमी म्हणून लोहाचं औषध द्यायचो. डोळ्यांत पिवळी झाक दिसली तर म्हटलं, कावीळ होऊन गेली असेल. असे तीन हिवाळे काढले. मग शिकायला म्हणून माझ्याकडे बसणाऱ्या एका नव्या डॉक्टरने हळूच विचारलं, "सर, सिकलचं पाहिलंय का?"

सिकल सेल, म्हणजे रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या करणारा, आईबापांकडून येणारा आजार. पाहिलं नव्हतं. टेस्ट किती साधी! द्रावणात रक्ताचा थेंब टाकायचा. सिकलचं असेल तर पाणी गढूळ होतं, नळीमागचं लिहिलेलं दिसत नाही. रेषांचं कार्ड सापडेना म्हणून मी त्याचाच केस पेपर नळीमागे धरला. त्यावर ठळक लिहिलेलं 'रुमॅटिक' दिसेचना. पुढे इलेक्ट्रोफोरेसिसने, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन वेगळं करून पाहणाऱ्या तपासणीने, पक्कं झालं. आईबाप दोघेही वाहक, पोराला दोन्हीकडून आलेलं.

त्या रात्री झोप लागली नाही. तालुक्यात आणखी किती दवाखान्यांत हेच चाललं असेल? डॉक्टरांना एकत्र बसवायचं म्हटलं तर असोसिएशनच्या हॉलची किल्ली सेक्रेटरीकडे. म्हणून सेक्रेटरीपदाला उभा राहिलो. खरं कारण एवढंच.

अध्यक्ष झाल्यावर भांडणं अंगावर घेतली. मेडिकल कौन्सिलला पाच वर्षांत व्याख्यानांना बसून मिळवलेले ३० क्रेडिट पॉइंट दाखवल्याशिवाय नोंदणीचं नूतनीकरण होत नाही. त्यामुळे मंडळी यायची, सही ठोकायची, वडा खायची आणि पसार. मी सहीचा कागद शेवटी ठेवला. औषध कंपनीचं हॉटेलातलं जेवण बंद करून वर्गणीतून शेवभाजी सुरू केली. एक ज्येष्ठ मित्र वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. हजेरीही घटली. पण नियम केला होता: प्रत्येकाने आपली चुकलेली केस आणायची. पहिल्या रविवारी कोणी तोंड उघडेना, म्हणून मी माझा केस पेपर वाचून दाखवला. पुढच्या वेळी एकाने सांगितलं, कपाशीवर फवारणी करून आलेला सालदार उलट्या-जुलाब म्हणून सलाइनवर ठेवला, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात हे उशिरा पाहिलं. लाळ, घाम, बाहुल्या या फवारणीच्या विषाच्या खुणा, उतारा अॅट्रोपिन. ते तासभर कोणी हललं नाही. इतक्या वर्षांच्या अध्यक्षपदात जमेला धरण्यासारखं ते एवढंच, बाकी हारतुरे.

आमच्या वेळी डॉक्टर व्हायला खान्देश सोडावा लागे. आता जळगावला २०१८ पासून, नंदुरबारला २०२० पासून सरकारी कॉलेज आहे. एमबीबीएसच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात डॉक्टरच्या पाच भूमिका दिल्यात, त्यात उपचार करणाऱ्याच्या पाठोपाठ 'लीडर'च आहे. पण तो कोणी कसा शिकवायचा? तुझ्या बसच्या वेळेवरून, असं मला वाटतं. ऐन कापूस वेचणीत दहाला गावात पोहोचलात तर घराला कडी. बाजाराच्या दिवशीही तेच. पोरं कुलपांचे फोटो काढून वही भरतील. सातला बस सोडायची असेल, तर ड्रायव्हरची ड्युटी बदलायला डीनसाहेबांची सही लागेल, आणि ती मागायला मीटिंगमध्ये बसावंच लागेल. पहिल्या भेटीत वह्या बाहेर काढू देऊ नकोस. चहा घ्या म्हणावं. "आंग दुखस" म्हणजे नेमकं कुठे, ते नुसतं ऐका म्हणावं.

आणि आठवड्यातल्या दोन ओपीडी मात्र सोडू नकोस, कोणी कितीही गोड बोललं तरी.

तो पावऱ्याचा मुलगा आता मोठा झालाय. परवा आला होता. सोयरीक ठरतेय, मुलीचं रक्त तपासायचं का, विचारत होता. म्हटलं, दोघं मिळून या. मंगळवारी येतील.

तुझे,
पप्पा