त्या टाइमआउटबद्दल, आणि थोडं तुझ्याबद्दल

प्रिय बाळ,

काल बोलता बोलता तू फोन ठेवून दिलास. ‘पायथनच चुकीचं वागतंय, आणि तुला ऐकूनच घ्यायचं नसतं’ म्हणालास. म्हणून लिहिते आहे. जागरणाबद्दल एक अक्षर काढणार नाही.

तुझ्या पायथनमधल्या कोडबद्दल तू सांगितलंस त्यावरून मला दिसतं ते असं. वर ग्लोबल टाइमआउट, म्हणजे जास्तीत जास्त किती सेकंद थांबायचं ते, ३०, आणि फंक्शनच्या पॅरामीटरला डिफॉल्ट म्हणून, म्हणजे कॉल करताना काही दिलं नाही तर वापरायला, तोच दिलेला. टेस्टमध्ये ग्लोबल २ केलंस, तरी फंक्शन ३० सेकंद थांबतंच. पायथन चुकत नाहीये रे. फंक्शनच्या व्याख्येची ओळ चालते तेव्हाच डिफॉल्टची व्हॅल्यू काढली जाते आणि ती फंक्शनपाशी राहते. नंतर त्या नावाला दुसरी व्हॅल्यू दिलीस तरी फंक्शनला त्याचा पत्ता नसतो. रिकामी लिस्ट डिफॉल्ट ठेवली की मागच्या कॉलमध्ये भरलेलं पुढच्या कॉलमध्ये निघतं, त्यामागेही हेच. पहाटेपर्यंत एकट्याने शोधत बसण्यासारखं हे नव्हतं. शेजारी बसणाऱ्याला विचारलं असतंस तर... असो.

तू का फसलास ते मात्र मला कळतं. खुर्चीवर उशी ठेवून बसायचास तेव्हा सी प्लस प्लसमध्ये चांदण्यांची रांग छापायचं फंक्शन लिहिलं होतंस. रांगेची लांबी ग्लोबल, तीच डिफॉल्ट. मेनमध्ये लांबी बदललीस आणि रांग लगेच वाढली, कारण सी प्लस प्लस डिफॉल्ट प्रत्येक कॉलला नव्याने काढतं. मग लोकल व्हेरिएबल देऊन पाहिलंस, कंपायलरने नाकारलं, आणि ‘का नाही चालत?’ म्हणून आजोबांच्या औषधाची वेळ होईपर्यंत माझ्या मागे लागला होतास. तेव्हा तू विचारायचास. कोणालाही, कितीही वेळा. त्या मुलाचा मला फार अभिमान वाटायचा. अजूनही वाटतो.

ताईच्या पीएचपीत पॅरामीटरच्या डिफॉल्टला व्हेरिएबल देताच येत नाही, कॉन्स्टंट चालतो. सी शार्पमध्ये व्हॅल्यू कंपाइल होतानाच ठरलेली लागते, आणि ती कॉल करणाऱ्याच्या कोडमध्ये उतरते. लायब्ररीत बदललीस तरी तो कोड पुन्हा कंपाइल होईपर्यंत जुनीच व्हॅल्यू पाठवत राहतो. जावास्क्रिप्ट पुन्हा कॉलच्या वेळी काढते. एका भाषेतली सवय दुसरीत नेताना म्हणून आधी विचारावं. कुणाला तरी. बघ, आलेच मी तिथे.

माझं मत सांगते. न बदलणारा कॉन्स्टंट डिफॉल्ट म्हणून खुशाल दे. नाव दिसलं की ३० कशाचे ते वाचणाऱ्याला समजतं. बदलू शकणारं ग्लोबल मात्र देऊ नकोस. वाचणाऱ्याला वाटतं फंक्शन ताजी व्हॅल्यू घेईल, आणि पायथनमध्ये ते घेत नाही. ताजीच हवी असेल तर डिफॉल्ट नन (None, म्हणजे ‘काहीच नाही’) ठेवायचं आणि ग्लोबल फंक्शनच्या आत वाचायचं. पण तुझ्या बाबतीत हेही जपून. टाइमआउटला नन दिलं की पुष्कळदा ‘कितीही वेळ थांब’ असा अर्थ होतो. मग कोणी मुद्दाम नन पाठवलं की काहीच पाठवलं नाही, हे ओळखायचं कसं? त्यासाठी मॉड्यूलमध्ये एक वेगळा ऑब्जेक्ट करून तोच डिफॉल्ट ठेव आणि आत ‘इज’ (is) लावून आलेला ऑब्जेक्ट तोच आहे का ते तपास. आणि टेस्टमधून टाइमआउट सरळ पाठवलास तर यातलं काहीच लागणार नाही. पॅरामीटर त्यासाठीच तर घेतलास ना?

लेक्चर झालं, कळतंय मला. रागावू नकोस. तुझ्या कामातलं पुष्कळसं मला आता येतही नाही. पण तो कोड तू कोणालाच दाखवला नव्हतास, उजाडेपर्यंत बसून राहिलास, आणि वर ‘मी बघतो, तू मध्ये पडू नकोस’ म्हणालास. मागच्या आजारपणाआधीही हेच म्हणत होतास. मला त्या शब्दांची भीती वाटते रे.

बदल दिवसा कर, आणि करण्याआधी टीममधल्या कोणाला तरी दाखव. नवीन टेस्ट मलाही पाठव, मला खरंच बघायची आहे. ताईला फोन कर, ती सारखी विचारते आहे.

तुझी,
आई