१०८ च्या गाडीवरच्या डॉक्टरांना, ज्यांनी ह्यांना बसू दिलं

डॉक्टर,

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. कराडला रुग्णालयाच्या दारात तुम्ही रजिस्टरवर सही केलीत, तेवढ्यात तुम्हाला दुसरा कॉल आला. मी ह्यांच्या चपला हातात धरून तशीच उभी होते आणि गाडी वळून गेलीसुद्धा. पाणी तरी घ्या, असं म्हणायलाही सवड मिळाली नाही. आज २६ दिवस झाले. हे घरी आहेत, ओसरीवर बसून दूधभाकरी कुस्करून खातात. ताट पुढे केलं की मला तुमची आठवण येते आणि डोळे भरतात. म्हणून हे पत्र. तुमच्यापर्यंत पोचेल की नाही, देव जाणे. तुमच्या ओळखीच्या कुणी वाचलं तर त्यांनी तुम्हाला सांगावं.

आमचे हे एसटीत वाहक आहेत. वय ५२, साखरेचा त्रास आठ वर्षांपासून. त्या सोमवारी ड्युटीवरून आले ते घसा धरूनच. संध्याकाळी ताप भरला. मी हळद-मिठाच्या गुळण्या दिल्या, डोक्यावर टॉवेल घेऊन वाफ घ्यायला लावली. मंगळवारी गावातल्या डॉक्टरांनी बॅटरी मारून घसा बघितला आणि म्हणाले, घसा साफ आहे, जरासा लाल आहे, पित्त असेल. गोळ्या लिहून दिल्या. मी म्हटलं, "डॉक्टर, ह्यांना स्वतःची थुंकीसुद्धा गिळवत नाही, गोळी कशी गिळतील?" त्यावर उत्तर मिळालं, "वय झालं की सहनशक्ती कमी होते, ताई."

सहनशक्ती! ज्या माणसाने पाय मोडलेला असताना दोन तास पावसात थांबून प्रवाशांना दुसऱ्या गाडीत बसवून दिलं, त्याच्याबद्दल हे ऐकायचं. मी गप्प बसले. गप्प बसायला नको होतं.

त्या रात्री हे झोपलेच नाहीत. कॉटच्या कडेवर बसून दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले, मान पुढे काढलेली, हनुवटी वर. शेजारी तांब्या ठेवला होता, त्यात लाळ सोडत होते. आवाज असा, की तोंडात कढत भाताचा घास धरून माणूस बोलतोय. "पडा जरा" म्हटलं की हात हलवून नको म्हणायचे. पहाटे श्वास आत घेताना बारीक शीळ वाजायला लागली आणि माझ्या पोटात गोळा आला. पुतण्याच्या गाडीत घालून तालुक्याच्या गावी नेलं.

तिथलं सगळं सांगत बसत नाही. एवढंच सांगते, की तिथे दोनदा ह्यांना आडवं केलं. पहिल्यांदा तपासायला, दुसऱ्यांदा कसली तरी पट्टी काढायला. दोन्ही वेळा पाठ टेकताच ह्यांचे डोळे पांढरे झाले आणि ते झटका देऊन उठून बसले. सिस्टरचा हात ढकलला गेला. मग केसपेपरवर लिहिलं गेलं, पेशंट सहकार्य करत नाही. हे वाक्य मी स्वतः वाचलं आहे. माणूस श्वासासाठी धडपडत होता, आणि कागदावर त्याची नोंद अशी झाली. पुढे कराडला हलवा म्हणाले आणि १०८ ला फोन लावला.

२०१४ साली ही गाडी राज्यात सुरू झाली, तेव्हा आमच्या बैठकीत सांगितलं होतं की हिच्यात डॉक्टर असतो. मी अंगणवाडी सेविका आहे, बाळंतपणासाठी कितीतरी बायांना मी या गाडीत बसवून दिलं आहे. पण आपल्या माणसासाठी ती दारात उभी राहिली, तेव्हा तिचा अर्थ कळला.

तुम्ही आलात तेव्हा रेनकोटवरून पाणी निथळत होतं. वय असेल २६-२७. आमच्या थोरल्याएवढे. आल्या आल्या तुम्ही कागद मागितला नाहीत. दारात क्षणभर थांबून ह्यांच्याकडे नुसतं बघितलंत. मग माझ्याकडे वळून विचारलंत, "काकू, थुंकी कधीपासून गिळता येत नाही?" दोन दिवसांत हे विचारणारे तुम्ही पहिले. "काकांचा आवाज एरवी असाच आहे का?" मी नाही म्हटलं. तुम्ही त्यांच्या गळ्याजवळ कान नेलात आणि तिथल्या डॉक्टरांना हळू आवाजात म्हणालात, "सर, एपिग्लॉटिस सुजली असावी असं वाटतं. बसवूनच नेऊ." त्यांनी विचारलं, "तुम्ही बीएएमएस ना?" म्हणजे आयुर्वेदाचीच पदवी ना, असा सूर.

तुम्ही म्हणालात, "हो सर. बसवूनच नेतो."

एवढंच. वाद घातला नाहीत आणि मागेही हटला नाहीत. मला तेव्हा काही कळत नव्हतं, पण या मुलाच्या हाती आपला माणूस द्यायचा, हे मनाने घेतलं.

आता जे सांगायचं आहे, त्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं.

गाडीत स्ट्रेचरची पाठ तुम्ही उभी केलीत, पण ह्यांना मागे टेकवतच नव्हतं. पुढे वाकलं तरच श्वास मिळत होता. आणि आमचा रस्ता तुम्हाला ठाऊकच आहे. वळणं, पावसाने उखडलेला, प्रत्येक खड्ड्याला ह्यांचा तोल जात होता. तुम्ही एकदोनदा बघितलंत आणि सरळ त्यांच्यासमोर स्ट्रेचरच्या कडेवर बसलात, गुडघ्याला गुडघा लावून. म्हणालात, "काका, दोन्ही हात माझ्या खांद्यांवर टाका. डोकं टेकवा. थुंकी येऊ द्या, गिळू नका, माझ्या अंगावर येऊ द्या."

पाऊण तास तुम्ही तसेच बसलात. एका हाताने ऑक्सिजनचा मास्क त्यांच्या तोंडाजवळ धरलेला, दुसरा हात त्यांच्या पाठीवर. त्यांची लाळ तुमच्या कॉलरवरून छातीवर उतरत होती, तिच्यात रक्ताचा तांबूस धागा होता. तुम्ही मान फिरवली नाहीत. त्याच अवस्थेत मला खुणेने फोन कानाला लावायला सांगितलात आणि कराडला बोललात, की भूलतज्ज्ञ आणि कान-नाक-घशाचे डॉक्टर दोघेही दारातच हवेत, ऑपरेशन थिएटर तयार ठेवा. मध्येच एकदा ह्यांची बोटं तुमच्या खांद्यात रुतली. तुम्ही म्हणालात, "घट्ट धरा, काका, मला काही होत नाही."

पोचल्यावर तुम्ही खिशातला रुमाल काढलात. मला वाटलं, आता शर्ट पुसतील. तुम्ही आधी ह्यांचं तोंड पुसलंत.

डॉक्टर, मी २१ वर्षं पोरांची नाकं पुसते आहे. अनोळखी माणसाची लाळ अंगावर घेणं काय असतं, मला माहीत आहे. माझ्या सख्ख्या दिरानेही त्या पहाटे ह्यांना दंडाला धरताना हाताखाली टॉवेल घेतला होता. त्यांना मी दोष देत नाही. पण तुम्ही कोण होता आमचे?

पुढचं थोडक्यात. तिथल्या डॉक्टरांनीही ह्यांना आडवं केलं नाही. बसल्या जागी, जागेपणी नाकातून बारीक दुर्बीण आणि तिच्यावरून नळी घातली. गळ्याला भोक पाडायची वेळ आली तर, म्हणून ते सामान शेजारी उघडून ठेवलं होतं. तशी वेळ आली नाही. तीन दिवस नळी, शिरेतून अँटिबायोटिक, साखरेसाठी इन्सुलिन. चौथ्या दिवशी नळी निघाली. हे बोलले तो पहिला शब्द "पाणी".

मग घशाच्या डॉक्टरांनी मला कागदावर चित्र काढून दाखवलं. जिभेच्या मुळाशी पानाच्या आकाराची एक छोटी झडप असते, तुम्ही म्हणालात ती एपिग्लॉटिस. घास गिळताना ती श्वासनलिकेवर झाकण धरते. तीच झडप सुजून बोटाएवढी जाड, लालबुंद झाली होती. ती इतकी खाली असते, की नुसत्या बॅटरीने दिसत नाही. म्हणून घसा वरून साफ दिसतो आणि खाली दार बंद होत आलेलं असतं. आडवं झालं की सुजलेलं झाकण मागे पडतं आणि उरलीसुरली फटही जाते. ह्यांचं शरीर दोन दिवस हेच सांगत होतं. घसा साफ दिसतोय आणि तरी माणसाला थुंकी गिळवत नाही, तर आजार साधा नाही, असं ते म्हणाले. सगळ्यांना नळी लागत नाही, मोठ्या माणसांत बरेच जण इंजेक्शनांवर आणि डोळ्यांत तेल घालून ठेवलेल्या देखरेखीवर बरे होतात, हेही सांगितलं. ह्यांच्यात कुठला जंतू होता, ते तपासणीत निघालं नाही. मोठ्यांत तो वेगवेगळा असू शकतो, आणि मधुमेह असला की धोका वाढतो.

लहान मुलांत मात्र हा आजार बहुतेक एकाच जंतूमुळे व्हायचा, हे ऐकलं आणि मी खुर्चीत सरळ झाले. कारण त्या जंतूचं नाव हिब. पेंटाव्हॅलेंट म्हणजे पाच आजारांवरची एकत्र लस, तिच्यातला पाचवा! दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने. किती बाळांना मी घरोघरी जाऊन लसीकरणाला आणलं आहे. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब, ही चार नावं सांगितली की आयांना पटायचं. पाचवं नाव मी नुसतं म्हणायची, त्याचा अर्थ मलाच ठाऊक नव्हता. आपल्या देशात ही लस डिसेंबर २०११ मध्ये केरळ आणि तमिळनाडूपासून सुरू झाली, मग बाकीच्या राज्यांत आली. त्याआधी दोन ते सात वर्षांची पोरं या आजाराने काही तासांत गुदमरायची. सकाळी खेळणारं मूल रात्री बेजार. माझ्या आईचा एक भाऊ चौथ्या वर्षी असाच गेला, लाळ गळत, आईच्या मांडीवर बसून. घरात सगळे घटसर्प म्हणायचे. तो घटसर्प होता की हे, आता कोण सांगणार.

गेल्या बुधवारी लसीकरणाच्या दिवशी मी आयांना पाचवं नाव नीट समजावून सांगितलं. आणि हेही, की लेकराला जोराचा ताप आहे, लाळ गळते आहे, पुढे वाकून बसलंय, श्वासाला आवाज येतोय, तर त्याला आडवं करायचं नाही. घशात चमचा-बोट घालून बघायचं नाही. खायला-प्यायला द्यायचं नाही, रडवायचं नाही. मांडीवर घ्यायचं, हवं तसं बसू द्यायचं आणि तसंच्या तसं मोठ्या रुग्णालयात न्यायचं. हे मला कराडच्या भूलतज्ज्ञ मॅडमनी शिकवलं. त्या म्हणाल्या, असं मूल आलं की श्वासाची वाट पक्की होईपर्यंत त्याला आईपासून तोडत नाही, सुईसुद्धा टोचत नाही. आईच्या मांडीवर बसवूनच भूल देतो. मला लगेच तुमचे खांदे आठवले.

आमची धाकटी बारावीला आहे. तिने वाचून दाखवलं, अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन १४ डिसेंबर १७९९ ला बहुधा याच आजाराने गेले. त्यांनाही गुळण्या करायला लावल्या तेव्हा ते गुदमरले. मीही गुळण्याच दिल्या होत्या, ऐकून अंगावर काटा आला. उशाशी तीन डॉक्टर होते. त्यांनी दिवसभरात दोन लिटरच्या वर रक्त काढलं, तेव्हाची रीतच तशी. तिघांतला सगळ्यात तरुण, डिक नावाचा, म्हणाला की गळ्याला छेद देऊन श्वासाची वाट मोकळी करू. थोरल्या दोघांनी ऐकलं नाही. एवढं वाचून ती थांबली आणि म्हणाली, "आई, आपल्या त्या डॉक्टरांनाही कुणी ऐकत नव्हतं ना?" पण तुम्ही ऐकवून घेतलंत, आणि ह्यांचा जीव राहिला.

तुमच्या पदवीवरून तुम्हाला टोचणारे पुढेही भेटतील. त्यांना मोठी पदवी असेल, मोठी पाटी असेल. मी शाळा फार शिकलेली नाही, पण त्या दोन दिवसांत तिघांनी माझ्या माणसाला तपासलं आणि बघितलं एकट्याने, हे मी कुणाहीसमोर सांगेन. तुमच्या आईवडिलांना माझा नमस्कार सांगा. असा मुलगा वाढवायला काय लागतं, त्याची मला कल्पना आहे.

ह्यांना तुमचा चेहरा आठवत नाही, सगळा वेळ डोळे मिटलेलेच होते. खांदा आठवतो म्हणतात. आणि ओल्या रेनकोटचा वास. आवाज अजून थोडा बसका आहे, पण डॉक्टरांनी कामावर जायला परवानगी दिली आहे. येत्या सोमवारी रुजू होतील, तीच गाडी, तोच रस्ता. काल बॅग पुसत होते तेव्हा म्हणाले, मागून १०८ चा भोंगा ऐकू आला की ड्रायव्हरच्या आरशाची वाट बघणार नाही, घंटी मी देणार. एक घंटी, गाडी कडेला.

तुम्ही आत असाल तर खिडकीतून बघा. खाकी शर्टातला, दाराशी उभा असेल तो.

तुमची,
एक अंगणवाडी सेविका
जिल्हा सातारा