खानापूरच्या ताईला

प्रिय ताई,

समोर बसून आभार मानायला लागलं की तू विषय बदलतेस, म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

वडगावातल्या आमच्या मागावरच्या साड्या थेट गिऱ्हाइकाला विकता याव्यात म्हणून मी वेबसाइट केली. नग किमान एक हवा, मोबाइल क्रमांक दहा आकडी हवा, सगळी तपासणी ब्राउझरमध्येच, जावास्क्रिप्टने. चूक दुरुस्त केल्याशिवाय फॉर्म पुढे जायचा नाही. मला वाटलं, काम झालं. मग एका सकाळी तीन साड्यांची ऑर्डर आली, एकूण रक्कम ३ रुपये. बाबांनी पार्सल बांधायलाही घेतलं होतं. त्या साड्यांसाठी आई किती दिवस मागावर बसली होती ते मी पाहिलं होतं. तुला फोन लावताना हात थरथरत होते.

तू त्याच रविवारी आलीस. रागावली नाहीस. ब्राउझरमधली डेव्हलपर टूल्स (पानाचा कोड बघायची-बदलायची साधनं) उघडून फॉर्मच्या लपवलेल्या रकान्यातली किंमत खोडलीस, तिथं १ लिहिलंस, आणि ऑर्डर गेली. मग ब्राउझर बंदच केलास आणि कर्ल या, ब्राउझरशिवाय विनंती पाठवणाऱ्या प्रोग्रामच्या एका ओळीत उणे पाच नगांची ऑर्डर पाठवलीस. तीही गेली! “तुझा पहारेकरी गिऱ्हाइकाच्या घरात बसलाय,” म्हणालीस, “तिथं राज्य त्याचं. तुझं दुकान सर्व्हरवर आहे, पहारा तिथं बसव.”

ब्राउझरमधली तपासणी मात्र काढू दिली नाहीस. चूक लगेच कळणं ही गिऱ्हाइकाची सोय, ती राहू दे म्हणालीस. पण तेच नियम सर्व्हरवर पुन्हा, विनंती कुठूनही येवो. किंमत तर फॉर्ममधून घ्यायचीच नाही. साडीचा क्रमांक घ्यायचा आणि किंमत आपल्या डेटाबेसातून काढायची. शेवटी डेटाबेसलाही नग शून्याहून जास्त असण्याची अट घातलीस, तीसुद्धा मायएसक्यूएल या डेटाबेस प्रोग्रामची आवृत्ती बघून, कारण ८.०.१६ च्या आधी तो अशी अट मुकाट्यानं सोडून द्यायचा.

त्यानंतर मी घाबरून नियम फारच कडक केले, आणि तुझे खरे उपकार इथं आहेत. नावात फक्त इंग्रजी अक्षरं चालतील असं मी लिहिलं. बेळगावात! कोणी मराठीत नाव लिहितं, कोणी कन्नडमध्ये, दोघांनाही ‘नाव चुकीचं’ असं उत्तर जायला लागलं. मी युनिकोडमधली, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या संगणकीय यादीतली, सगळी अक्षरं चालू दिली, तरी ‘जोतिबा’ अडला. तू कागदावर मांडून दाखवलंस: ज, त, ब ही अक्षरं, पण काना, वेलांटी, ओकार हे युनिकोडच्या लेखी अक्षर नव्हे, ‘मार्क’. नियमात दोन्ही वर्ग घेतले तेव्हा कुठं जोतिबा आत आला.

डि’सोझांच्या नावातलं ते चिन्हही मी एसक्यूएल इंजेक्शनच्या (रकान्यात लिहिलेला मजकूर डेटाबेसची आज्ञा म्हणून चालवून घ्यायच्या युक्तीच्या) भीतीनं पुसत होतो. तू म्हणालीस, माणसाचं नाव कापू नको, क्वेरी, म्हणजे डेटाबेसला द्यायची आज्ञा, नीट लिही. मजकूर पॅरामीटर म्हणून वेगळा देऊन क्वेरी केली की तो आज्ञेत मिसळतच नाही. आणि पानावर नाव छापताना, त्या वेळी, एचटीएमएलसाठी एस्केप करायचं, म्हणजे खास चिन्हं कोड न ठरता नुसती दिसतील अशी बदलायची.

ताई, आता कन्नड लिपीतल्या नावाचं पार्सल बाबा स्वतः बांधतात, पत्ता मोठ्यानं वाचत. नव्या परतीच्या पानाचा कोड घेऊन रविवारी खानापूरला येतोय. आईनं तुझ्यासाठी एक साडी काढून ठेवली आहे, नाही म्हणू नकोस.

तुझा धाकटा भाऊ,
वडगाव, बेळगाव