तुलूझमध्ये ज्युदो शिकणाऱ्या मुक्तास

नाशिक,
रविवार

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

पिवळ्या पट्ट्याचा फोटो मिळाला. बाबांनी तो लगेच घरच्या ग्रुपवर टाकला आणि आत्याने विचारलं, आता रस्त्यात गुंड भेटला तर काय करणार? तिला मी काही उत्तर दिलेलं नाही. तुझ्या प्रश्नाला मात्र द्यायचं आहे, आणि ते फोनवर धड झालं नसतं. लॅबमधली तुझी जपानी मैत्रीण हसून म्हणाली की हे पिवळे, नारिंगी, हिरवे पट्टे म्हणजे फ्रेंचांचे चोचले. तिच्याकडे मोठी माणसं पांढऱ्यावरून तपकिरी आणि तपकिरीवरून काळ्यावर जातात. तेव्हापासून तुझ्या डोक्यात बसलंय, मी शिकतेय ते खरं ज्युदो की युरोपात बनवलेली नक्कल?

पट्ट्यांबद्दल ती बरोबर बोलली. त्यातून तू जो अर्थ काढलास तो मला मान्य नाही. माझं नोकरीचं सगळं आयुष्य शाळेच्या मैदानावर आणि मॅटवर गेलं आहे, म्हणून जरा लांबण लावते. वाचून घे.

फ्रान्सला जपानी कुस्तीचं पहिलं वेड लागलं ते 1905 साली. एर्नेस्ट रेन्ये नावाचा एक फ्रेंच पैलवान लंडनला जाऊन तिथल्या जपान्यांकडून जुजुत्सू शिकून आला. त्याने स्वतःचं नाव जपानी वाटावं असं ‘रे-नी’ करून घेतलं आणि पॅरिसजवळ कुर्बव्वाला दुबुआ नावाच्या नामांकित मारामारीच्या वस्तादाशी जाहीर लढत लावली. अर्ध्या मिनिटाच्या आत दुबुआचा हात अडकला आणि खेळ संपला. मग काय, पॅरिसमध्ये जो तो जुजुत्सू शिकायला निघाला, पोलिसांनाही धडे सुरू झाले. काही वर्षांत सगळं ओसरलं. रे-नीच्या मागे त्याच्यासारखा दुसरा उभा राहिला नाही. लोक तिकीट काढून बघायला आले होते, बघून घरी गेले.

खरी सुरुवात झाली ती पुढे जवळजवळ तीस वर्षांनी, आणि तीही अगदी वेगळ्या मंडळींत. ज्युदो ज्यांनी घडवलं ते जिगोरो कानो शिक्षक होते, हे तुला माहीत आहे. 1882 साली टोकियोच्या एका देवळात त्यांनी कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली. जुन्या जुजुत्सूतले जिवावर बेतणारे डाव बाजूला काढले, पडायला शिकवलं, आणि ही शिक्षणाची पद्धत आहे असं जन्मभर सांगत फिरले. 1933 साली ते पॅरिसला आले तेव्हा त्यांना मोशे फेल्डेनक्राइस भेटला. आजच्या युक्रेनमध्ये जन्मलेला हा ज्यू मुलगा कोवळ्या वयात पॅलेस्टाइनला गेला, तिथे मजुरी केली, स्वसंरक्षणावर हिब्रूत पुस्तक लिहिलं आणि आता पॅरिसमध्ये इंजिनिअरिंग शिकत होता. कानोंना तो आवडला. 1936 मध्ये पॅरिसला जुजुत्सू क्लब उभा राहिला तो त्याच्या खटपटीने. मॅटवर येणारे कोण, तर इंजिनिअर, डॉक्टर, शास्त्रज्ञ. फेल्डेनक्राइस काम करायचा ती प्रयोगशाळा होती फ्रेडेरिक जोलिओ-क्युरींची, आणि तेही क्लबात होते. नोबेल मिळालेला माणूस संध्याकाळी कुणाची तरी कॉलर धरून उभा आहे, हे चित्र मला फार आवडतं. तुमच्या लॅबमधल्या प्रोफेसरांना एकदा विचारून बघ, येता का म्हणून.

शिकवायला मिळाले कावाइशी मिकिनोसुके. हिमेजीचे, वासेदा विद्यापीठात शिकलेले, अमेरिकेहून लंडनला आणि लंडनहून 1935 मध्ये पॅरिसला आलेले. तुझा पिवळा पट्टा त्यांचा. म्हणजे रंगीत पट्ट्यांची कल्पना लंडनच्या क्लबात आधीपासून होती, पण पांढरा, पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा, तपकिरी, काळा अशी पायऱ्यांची वाट फ्रान्समध्ये घातली ती कावाइशींनी. त्यांनी आणखी एक गोष्ट केली, तीवर जपानी लोक जास्त नाक मुरडतात. डावांची जपानी नावं फ्रेंचांच्या जिभेवर बसेनात, म्हणून त्यांनी डावांना नंबर दिले. पायाचा पहिला, कमरेचा पहिला, असं. तू ज्याला ओ-सोतो-गारी म्हणतेस तो त्यांच्याकडे पायाचा पहिला. पाढे पाठ केल्यासारखं शिकवायचं.

यात डाव पातळ झाला का? तोल घालवून, मागून पाय झाडून माणूस पाठीवर टाकायचा, हे तेच राहिलं. बदलला तो शिकणाऱ्याचा धीर. जपानी पोरगा शाळेतल्या दादांना बघत बघत वाढतो, त्याला आपण कुठे आहोत हे सांगावं लागत नाही. पॅरिसमधल्या चाळिशीच्या डॉक्टरला सांगावं लागतं, आणि दर काही महिन्यांनी सांगावं लागतं, नाहीतर तो टेनिसकडे जातो. मी शाळेत पोरांचं हेच पाहिलंय. आप्पांच्या बागेत द्राक्ष थॉमसनचं आहे, पण खुंट डॉगरिजचा, कारण आपल्या जमिनीतला क्षार आणि पाण्याचा ताण तो सोसतो. म्हणून घडाला कुणी नकली म्हणत नाही.

मग लढाई आली. जून 1940 मध्ये जर्मन पॅरिसमध्ये शिरले आणि फेल्डेनक्राइसला ज्यू म्हणून पळावं लागलं. तो ब्रिटनला पोचला, स्कॉटलंडमध्ये पाणबुड्या शोधण्याच्या संशोधनावर काम करू लागला. कावाइशी मात्र जपानी, म्हणजे जर्मनांच्या दोस्त देशाचे. ते राहिले आणि शिकवत राहिले. एकाच मॅटवरची दोन माणसं, आणि पासपोर्टने ठरवलं कुणी थांबायचं नि कुणी जायचं. त्याहून विचित्र म्हणजे जर्मनांच्या ताब्यातल्या त्या पॅरिसमध्ये ज्युदो वाढलं. 1943 च्या मे महिन्यात पहिलं फ्रेंच अजिंक्यपद भरलं, ज्याँ द हर्ट जिंकला. युद्धाच्या शेवटी शेवटी कावाइशी निघून गेले, पूर्वेकडे कैदेत पडले, आणि 1948 सालीच परत येऊ शकले.

ते नसतानाचा हा काळ मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. गुरू गेला की आखाड्याला कुलूप लागतं, हे आपण कितीदा पाहिलंय. इथे उलटं झालं. कावाइशींच्या हाताखाली तयार झालेल्या काळ्या पट्टेवाल्यांनी ठिकठिकाणी क्लब काढले. 1946 च्या डिसेंबरात फ्रान्सचा ज्युदो महासंघ स्थापन झाला, त्याचे पहिले अध्यक्ष पॉल बोने-मोरी, पॅरिसच्या रेडियम इन्स्टिट्यूटमधले शास्त्रज्ञ. 1947 मध्ये काळ्या पट्टेवाल्यांची वेगळी संघटनाही निघाली. कावाइशी परतले तेव्हा घर भरलेलं होतं. नंतर त्यांच्या मदतीला जपानहून शोझो आवाझु आले आणि शेवटपर्यंत फ्रान्सचेच होऊन राहिले.

आता तुझ्या गावाची गोष्ट. 1951 मध्ये तुलूझच्या एका क्लबाने कोदोकानचा एक तरुण आणवला, इचिरो आबे, तिशीच्याही आतला. फ्रेंचांनी त्याला खेळताना पाहिलं आणि चक्रावले. कावाइशींची पद्धत एकेक डाव सुटा, नंबरवार घोटायची. हा माणूस मॅटवर वाहत होता, एका हल्ल्यातून दुसरा काढत होता, समोरच्याच्या पावलातूनच फेक उचलत होता. मग जे व्हायचं तेच झालं. एका बाजूला कावाइशींची माणसं, दुसऱ्या बाजूला कोदोकानवाले. खरं कुणाचं, यावरून इतकी जुंपली की 1954 मध्ये महासंघ फुटला. तुझ्या मैत्रिणीने हसत हसत काढला तो वाद फ्रेंच आपसात कधीच भांडून मोकळे झालेत, आणि त्याची एक ठिणगी तुलूझमध्येच पडली होती! 1956 ला दोन्ही बाजू पुन्हा एकत्र आल्या. आबेंचं वाहतं ज्युदो राहिलं, जपानी नावं परतली, नंबर हळूहळू मागे पडले. पट्टे मात्र कुणी काढले नाहीत. पोरं ते सोडायला तयार झाली असती असं मला वाटत नाही.

या भांडणाच्या ऐन काळात सरकारने एक काम केलं, त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. 1955 च्या नोव्हेंबरात कायदा झाला की ज्युदो-जुजुत्सू शिकवून पैसे घ्यायचे तर सरकारी पदविका हवी. कुणीही उठून ‘जपानी विद्या’ म्हणून पाटी लावायची नाही. त्यामुळे शिक्षक हा पेशा झाला. गावोगावच्या नगरपालिकांच्या सभागृहांत मॅट पडल्या. फ्रेंच पोरांना आठवड्याच्या मध्ये एक दिवस, आधी गुरुवारी आणि 1972 पासून बुधवारी, शाळा नसायची, त्या रिकाम्या दुपारी आया त्यांना ज्युदोला सोडू लागल्या. आज तिथे पाच लाखांवर नोंदणीकृत ज्युदोपटू आहेत, त्यांत मोठा भरणा लहान मुलांचा, आणि हा आकडा जपानच्या महासंघाकडे नोंद असलेल्यांच्या कितीतरी पुढे आहे. (हे मैत्रिणीला तोंडावर फेकू नकोस. जपानमध्ये 2012 पासून शाळेच्या अभ्यासक्रमात मार्शल आर्ट सक्तीची आहे, तिथली सगळी पोरं महासंघाच्या वहीत नसतात.)

एक गोष्ट मात्र तिला जरूर सांग, सौम्यपणे. 1983 पासूनच्या तीसेक वर्षांत जपानच्या शाळांमध्ये ज्युदो करताना शंभराहून जास्त मुलं दगावली. बहुतेक डोक्याला मार लागून. पडणं नीट न शिकवता अंगावर फेकत राहायचं, थकलेल्या पोराला उठवून पुन्हा फेकायचं, त्याला जिद्द म्हणायचं. ही आकडेवारी बाहेर आल्यावर जपानमधल्याच जाणत्या लोकांनी बोट दाखवलं ते फ्रान्सकडे: तिथे शिक्षक कसे तयार होतात बघा. मी ते वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. आपल्या शाळेतल्या मॅटचे सांधे किती उघडे असायचे, ते आठवत राहिलं.

तुमच्या डोजोच्या, म्हणजे आखाड्याच्या, भिंतीवर आठ गुणांची पाटी असेल: मैत्री, धैर्य, प्रामाणिकपणा, मान, नम्रता, आदर, संयम, सभ्यता. सगळ्यांना वाटतं ती कानोंपासून आलेली आहे. ती 1985 मध्ये बेर्नार मिदाँ या फ्रेंच माणसाने मांडली. सामुराईंच्या गुणांवरून बेतलेली, पण पाटी फ्रेंच. कानोंना त्यात वावगं वाटलं नसतं, असा माझा अंदाज.

पदकांचं मी लिहीत नाही, ते तू रोज ऐकतेस. 1975 मध्ये ज्याँ-ल्यूक रूजे विश्वविजेता झाला इथपासून ते पॅरिस ऑलिंपिकच्या मिश्र सांघिक अंतिम सामन्यापर्यंत, 3-3 बरोबरी, शेवटची लढत चिठ्ठीने आणि चिठ्ठी निघते फ्रान्सच्या टेडी रिनेरच्या वजनगटाची! समोर जपान. बाबा त्या रात्री सोफ्यावर उभे होते.

आपल्याकडे काय झालं, हे तू विचारलं नाहीस, तरी सांगते. रवींद्रनाथांनी 1929 मध्ये कोदोकानचे शिन्झो ताकागाकी यांना शांतिनिकेतनात बोलावलं, म्हणजे पॅरिसच्या क्लबाच्याही सात वर्षं आधी. मुलीसुद्धा शिकल्या. इतक्या मोठ्या कवीने हाताला धरून आणलेली विद्या, पण ताकागाकी गेले आणि मागे दहा शिकवणारे उरले नाहीत. पुढे साठच्या दशकात देशात ज्युदोचा महासंघ निघाला आणि आम्ही शिकलो ते त्यानंतरचं, पुन्हा पहिल्यापासून. फ्रान्सकडे कवी नव्हता. त्यांच्याकडे पदविका होती, बुधवारची दुपार होती आणि पोराला हवासा वाटणारा पिवळा पट्टा होता. मला हेवा वाटतो तो याचा.

फेल्डेनक्राइसची पुढची गोष्ट राहिली. त्याचा गुडघा फुटबॉल खेळताना गेला होता, तो सांभाळता सांभाळता त्याने शरीराच्या हालचालींचं अख्खं शास्त्र उभं केलं. त्याच्या नावाचे वर्ग तुलूझमध्येही चालत असतील. माझा गुडघा तुला माहीत आहेच. तू तुझा तिशीच्या आत घालवू नकोस. उकेमी, म्हणजे पडण्याचा सराव, दोन्ही बाजूंनी कर, फक्त उजवीकडून पडायची तुला सवय आहे. आणि क्लबात कुणी ऐंशी-नव्वदीचे आजोबा येत असतील तर त्यांना आबेंना पाहिलं होतं का विचार. त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून पाठव. फ्रेंच मला कळणार नाही, पण हात हलवताना दिसले तर बरंच कळेल.

तुझी,
आई

ता. क. ज्युदोचा ड्रेस गरम पाण्यात टाकू नकोस, आटतो. बाह्या मनगटाच्या वर गेल्या की पंच चालू देणार नाहीत, आणि नवीन ड्रेसचे पैसे बाबा देणार नाहीत.