‘त्या काळी तसेच होते’ म्हणून कसे चालेल?

महोदय,

जुन्या वेस्टर्न, म्हणजे अमेरिकी काउबॉयपटांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख आवडला. दिग्दर्शक जॉन फोर्डचे चित्रपट मीही अनेकदा पाहिले आहेत आणि यापुढेही पाहीन. पण मूळ अमेरिकन आणि कृष्णवर्णीय पात्रांना व कलावंतांना डावलण्याचा प्रश्न लेखकाने ‘त्या काळी तसेच होते’ एवढ्यावर मिटवला, ते मुळीच पटले नाही. भूमिका पेलणारे कलावंत त्या काळीही होते. संधी मात्र दुसऱ्यांना मिळत होती.

१९५०चा ‘ब्रोकन ॲरो’ घ्या. अपाची या मूळ अमेरिकन जमातीकडे माणूस म्हणून पाहणारा चित्रपट म्हणून त्याचे कौतुक झाले, ते रास्तच होते. तरी त्यातला अपाची प्रमुख कोचीस झाला ब्रुकलिनमध्ये जन्मलेला जेफ चँडलर, आणि ऑस्करचे नामांकनही त्यालाच मिळाले. कॅनडातल्या मूळ रहिवाशांच्या सिक्स नेशन्स वस्तीत जन्मलेला, मोहॉक जमातीचा अभिनेता जे सिल्व्हरहील्स त्याच चित्रपटात होता, पण अपाची लढवय्या जेरोनिमोच्या छोट्याशा भूमिकेत. ‘द सर्चर्स’मध्येही (१९५६) तेच. कोमांची जमातीचा सरदार झाला बर्लिनमध्ये जन्मलेला हेन्री ब्रँडन, आणि त्याच्या मागे कोमांची म्हणून घोडे दौडवत होते नवाहो या वेगळ्याच जमातीचे लोक. चित्रीकरणही नवाहोंच्याच भूमीवर, मॉन्युमेंट व्हॅलीत झाले होते.

कृष्णवर्णीयांना तर बहुतेक वेळा पडद्यावर जागाच नव्हती. अमेरिकी यादवी युद्धानंतर टेक्सासमधून गुरांचे कळप उत्तरेकडे नेणाऱ्या काउबॉयांपैकी साधारण चौथा हिस्सा कृष्णवर्णीय होता, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. चित्रपट पाहून हे कुणाला कळले असते? फोर्डनेच १९६०मध्ये ‘सार्जंट रटलेज’ काढला आणि वुडी स्ट्रोडला घोडदळातल्या कृष्णवर्णीय सार्जंटची मध्यवर्ती भूमिका दिली. खोट्या आरोपाखाली उभा असलेला हा सैनिक स्ट्रोडने इतक्या ताठ मानेने साकारला आहे की त्याच्यावरून नजर हटत नाही. पण श्रेयनामावलीत पहिले नाव जेफ्री हंटरचे.

मला सर्वांत जास्त खंत वाटते ती लेखात ‘हाय नून’वर (१९५२) दोन परिच्छेद असूनही केटी ज्युराडोचा उल्लेख नाही याची. या मेक्सिकन अभिनेत्रीची हेलन रामिरेझ सलूनची, म्हणजे दारूच्या गुत्त्याची मालकीण आहे, गावातल्या दुकानातही तिची भागीदारी आहे. हे गाव मेक्सिकन बाईला कधी आपले मानणार नाही, हे तिला पक्के ठाऊक आहे. ती व्यवहार पुरा करते, पैसे घेते आणि निघते. जाण्याआधी ग्रेस केलीच्या नवपरिणीत नायिकेला ती सुनावते, की तुझा नवरा माझा माणूस असता तर मी बंदूक घेऊन त्याच्या बाजूने लढले असते. त्या प्रसंगात दोघींपैकी कोण मोठी वाटते, ते प्रत्येकाने स्वतः पाहावे. या भूमिकेसाठी ज्युराडोला गोल्डन ग्लोब मिळाले. दोनच वर्षांनी ‘ब्रोकन लान्स’साठी ऑस्करचे नामांकनही आले, पण तिथे तिला कोमांची बायको व्हावे लागले.

हे चित्रपट दाखवूच नयेत, असे माझे म्हणणे नाही. फिल्म सोसायट्यांनी ते जरूर दाखवावेत. फक्त नंतरच्या चर्चेत जॉन वेन आणि गॅरी कूपर या नायकांइतकाच वेळ ज्युराडो, स्ट्रोड आणि सिल्व्हरहील्स यांनाही मिळावा. या तिघांवर आपल्या पुरवणीत सविस्तर लेख यावा, ही आग्रहाची विनंती.

– आपला एक वाचक, पुणे